शिक्षक निलंबित झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

शिक्षकाने विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याची बातमी मुंबईत आली की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. शाळेच्या गेटवर पालक जमतात, चॅनेलच्या गाड्या येतात, स्थानिक नेते मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरतात आणि संध्याकाळपर्यंत संस्थेचं पत्रक निघतं: संबंधित शिक्षकाला तत्काळ निलंबित करण्यात आलं आहे. गर्दी पांगते. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘काढला एकदाचा’ असे मेसेज फिरतात.

त्याला काढलेलं नसतं. निलंबित शिक्षक नोकरीतच असतो. त्याला दरमहा निर्वाह भत्ता मिळतो, आणि चौकशी नीट झाली नाही तर तो त्याच शाळेत, त्याच वर्गावर परत येऊ शकतो. निलंबन ही शिक्षा नाहीच. चौकशी चालू असताना त्या माणसाला मुलांपासून, साक्षीदारांपासून आणि शाळेच्या कागदपत्रांपासून लांब ठेवायची ती सोय आहे. शिक्षा व्हायची असेल तर ती पुढच्या काही महिन्यांत, बंद खोलीत, फायलींवर ठरते. तोवर आपलं सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं.

मी बरीच वर्षं मुंबईतल्या एका अनुदानित शाळेत शिकवलं, आणि पुढे अशा चौकशांचे कागद वाचायची, लिहायची वेळ आली. पालकांशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. पोलिसांत काय होतं याची त्यांना थोडीफार कल्पना असते. शाळेत काय होतं याची मुळीच नसते.

कायदा कोणासाठी लिहिला गेला

पहिला प्रश्न असा की शिक्षक नोकर कोणाचा आहे. महापालिकेच्या शाळेतला असेल तर त्याला पालिकेचे सेवानियम लागू होतात आणि कारवाई पालिका प्रशासन करतं. खासगी मान्यताप्राप्त शाळेतला असेल, मग ती अनुदानित असो वा नसो, तर त्याला १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू. शिक्षकांच्या खोलीत याला नुसतं ‘एमईपीएस’ म्हणतात. खासगी क्लासमधला सर असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्याच्याकडे नंतर येऊ.

एमईपीएस कायदा आला तो शिक्षकांना संस्थाचालकांपासून वाचवायला. संस्थेच्या अध्यक्षाची मर्जी फिरली की शिक्षक घरी, असं होऊ नये म्हणून. नोकरीतून काढायचं तर लेखी आरोप हवेत, चौकशी हवी, शिक्षकाला बाजू मांडायची संधी हवी, आणि अन्याय वाटला तर दाद मागायला स्वतंत्र शाळा न्यायाधिकरण हवं. हे सगळं योग्यच होतं आणि आजही आहे. मर्जीतून उतरलेल्या शिक्षकाला अडकवायला खोट्या तक्रारी उभ्या करणारे संस्थाचालक आजही आहेत.

पण त्यामुळे या कायद्याच्या नजरेत पक्ष दोनच: संस्था आणि कर्मचारी. ज्या मुलीला किंवा मुलाला त्रास झाला ते मूल पक्षकार नाही, त्याचे आईवडीलही नाहीत. मूल असतं ते साक्षीदारांच्या यादीत. पुढे जे जे बिनसतं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं मूळ इथे आहे.

नियमावलीत मोठ्या कारवाईची चार कारणं दिली आहेत: गैरवर्तणूक, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर आणि अकार्यक्षमता. विद्यार्थ्यांशी असभ्य किंवा अनैतिक वागणं हे यातल्या दुसऱ्या, म्हणजे नैतिक अधःपतनाच्या सदरात येतं, आणि नियमात विद्यार्थिनी आणि विद्यार्थी दोघांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९८१ साली नियम लिहिणाऱ्याला मुलग्यांनाही धोका असतो हे सुचलं होतं. आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये ते अजून पुरतं पचलेलं नाही.

शिक्षाही दोन प्रकारच्या. किरकोळ म्हणजे ताकीद, ठपका, एका वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणं, नुकसान पगारातून वसूल करणं. मोठ्या म्हणजे पदावनती आणि सेवासमाप्ती. मोठी शिक्षा द्यायची तर पूर्ण चौकशी करावीच लागते. संस्थेच्या सभेत एकमताने ठराव केला, पालकांनी सह्यांचं निवेदन दिलं, शिक्षकाने सगळ्यांसमोर माफी मागितली, तरी चौकशीला पर्याय नाही.

समितीतली तीन माणसं

आधी संस्थेकडून आरोपांचं निवेदन जातं, रजिस्टर्ड पोस्टाने. शिक्षकाने सात दिवसांत उत्तर द्यायचं. ते पटलं नाही तर तीन जणांची चौकशी समिती. एक सदस्य संस्थेच्या व्यवस्थापनातला. दुसरा खुद्द आरोपी शिक्षकाने सुचवलेला, कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी. तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. चौकशी मुख्याध्यापकांची असेल तर तिसरा माणूस पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतला.

पुरस्कारप्राप्त शिक्षक का? कल्पना अशी की ज्याला समाजाने आदर्श मानलं तो निःपक्ष असेल. कल्पना चांगली आहे. पण आदर्श शिक्षकाला आरोपपत्र कसं तपासायचं, साक्ष कशी नोंदवायची, घाबरलेल्या तेरा वर्षांच्या मुलीशी कसं बोलायचं, याचं प्रशिक्षण आपसूक मिळत नाही. समितीत एक स्त्री असलीच पाहिजे किंवा मुलांबरोबर काम करणारी समुपदेशक असलीच पाहिजे, असं या रचनेत कुठेही नाही.

चौकशी साधारण १२० दिवसांत पुरी करायची असते. निलंबनासाठी संस्थेने शिक्षण खात्याची पूर्वपरवानगी घ्यायची असते. ती नसेल तर निलंबन चार महिन्यांपलीकडे ताणता येत नाही. म्हणजे ज्या संस्थेने गेटवरच्या गर्दीला शांत करायला त्याच संध्याकाळी निलंबनाचा कागद काढला आणि पुढची कागदपत्रं केलीच नाहीत, ती संस्था चार महिन्यांनी हात चोळत बसते. शिक्षक परत रुजू व्हायला येतो आणि त्याला अडवायला कागद नसतो.

आता आरोपपत्राबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चौकशी इथेच जिंकली किंवा हरली जाते. अशा प्रकरणांत संस्थेने तयार केलेला आरोप बऱ्याचदा असा असतो:

‘आपण विद्यार्थिनींशी वारंवार असभ्य वर्तन केले असून त्यामुळे संस्थेची बदनामी झाली आहे.’

वाचायला भारदस्त आहे. पण कोणती विद्यार्थिनी, कधी, कुठे, काय केलं, यातलं काहीच नाही. यावर शिक्षकाने उत्तर काय द्यायचं? त्याचा वकील न्यायाधिकरणात एवढंच म्हणतो की माझ्या अशिलाला आरोप काय हेच कळलं नव्हतं, आणि त्यात तथ्य असतं. शिवाय वाक्याचा शेवट पाहा. तक्रार मुलीला झालेल्या त्रासाची होती. कागदावर ती संस्थेच्या बदनामीची झाली. तोच आरोप असा लिहिता येतो:

‘दि. १२ जुलै रोजी शेवटच्या तासिकेनंतर आपण इयत्ता आठवी ब मधील विद्यार्थिनी क्र. १ हिला वही तपासण्याचे कारण सांगून तिसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत एकटीला थांबवून घेतले, दरवाजा लोटून घेतला व तिचा हात धरून ठेवला. तिने हात सोडण्यास सांगितल्यावर, प्रॅक्टिकलचे गुण माझ्या हातात आहेत, असे आपण म्हणालात.’

आता तासिकांचं वेळापत्रक काढता येतं. प्रयोगशाळेची चावी कोणाकडे होती हे शिपाईकाका सांगू शकतात. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहता येतं. मुलीचं नाव कागदावर न येता क्रमांकाने काम चालतं आणि ओळख वेगळ्या सीलबंद यादीत राहते. शिक्षक निर्दोष असेल तर त्यालाही नेमकं उत्तर देता येतं: त्या दिवशी मी निवडणुकीच्या कामावर होतो, हा घ्या हजेरीचा कागद. अचूक आरोपपत्र दोघांच्याही कामाचं.

चौकशीत सिद्ध करायची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. खटल्यात वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. खातेनिहाय चौकशीत घटना घडल्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे एवढं दिसलं तरी पुरतं. म्हणून कोर्टातून सुटलेला शिक्षकही चौकशीत दोषी ठरू शकतो आणि नोकरी गमावू शकतो. ‘कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आम्ही काही करू शकत नाही’ हे संस्थांचं आवडतं उत्तर म्हणूनच खरं नाही. दोन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

शिक्षा झाल्यावर शिक्षकाला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. तिथे पुन्हा पक्ष दोनच. मुलीच्या घरच्यांना अपील दाखल झाल्याचं कळतही नाही. समितीची रचना नियमाप्रमाणे नव्हती, सदस्यांनी एकत्र बसून निष्कर्ष काढण्याऐवजी आपापले वेगळे अहवाल पाठवले, शिक्षकाला उलटतपासणी घेऊ दिली नाही, अशा कारणांनी कारवाया रद्द होतात. मग मागच्या पगारासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश होऊ शकतो. पेपरात मथळा येतो, ‘आरोपी शिक्षकाला दिलासा’, आणि लोक न्यायव्यवस्थेला शिव्या घालतात. प्रत्यक्षात घोळ बहुधा संस्थेच्या ऑफिसात झालेला असतो. काही वेळा नकळत. काही वेळा, मला वाटतं, अगदी कळून सवरून. कारण ढिसाळ चौकशी हा आपल्या माणसाला वाचवण्याचा सर्वात सभ्य मार्ग आहे.

मूल त्या खोलीत

उलटतपासणी हा आरोपीचा हक्क. पण ज्या सरांनी त्रास दिला तेच सर समोर बसून प्रश्न विचारणार, हे मुलाने कसं सोसायचं?

या पेचाला न्यायालयांनी फार पूर्वी हात घातला आहे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहात शिरून गैरवर्तन केल्याबद्दल काही विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. मुलींचे जबाब त्यांच्या गैरहजेरीत घेतले होते. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं परिस्थिती पाहून लावायची असतात, हा त्यातला गाभा. पुढे १९९६ मध्ये केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयातल्या एका शिक्षकाचं प्रकरण आलं. नवोदय समितीचा नियमच असा आहे की विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणात, प्राथमिक तपासात तथ्य आढळलं तर नेहमीची लांबलचक चौकशी टाळून शिक्षकाला काढता येतं, म्हणजे मुलींना उलटतपासणीला उभं राहावं लागत नाही. न्यायालयाने तो मान्य केला.

पण नवोदयचा नियम नवोदयपुरता. आपल्या एमईपीएस नियमावलीत तसा आडमार्ग नाही, आणि खासगी शाळेने परस्पर तो वापरला तर कारवाई टिकत नाही. मग मधला मार्ग काढावा लागतो. प्रश्न लेखी घ्यायचे आणि समितीतल्या सदस्याने ते मुलाला विचारायचे. आरोपी मुलाच्या नजरेसमोर राहणार नाही अशी बसायची व्यवस्था करायची. आई, बाबा किंवा मुलाच्या विश्वासाचं कोणी जवळ बसवायचं. एकच गोष्ट चार वेळा सांगायला लावायची नाही. यातलं बरंचसं पोक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, विशेष न्यायालयासाठी बंधनकारकच केलं आहे. तिथे वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत मुलापर्यंत जातात. शाळेच्या चौकशीत हे समितीच्या शहाणपणावर आहे, म्हणून पालकांनी ते लेखी मागावं.

पोलिसांची वाट

लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल तर शाळेची चौकशी हा दुसरा रस्ता. पहिला रस्ता पोलीस ठाण्याचा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, मुलगा असो की मुलगी. सतरा वर्षांच्या बारावीतल्या मुलीची संमती होती, ‘प्रेमप्रकरण होतं’, हा बचाव चालत नाही. शाळेच्या व्यवस्थापनातल्या माणसाने किंवा कर्मचाऱ्याने लैंगिक हल्ला केला तर तो कायद्याने ‘गंभीर’ प्रकारात जातो आणि शिक्षा पाच ते सात वर्षं. बलात्काराच्या स्वरूपाचा गुन्हा असेल तर किमान २० वर्षं.

आणि हात लावलाच पाहिजे असं नाही. लैंगिक हेतूने केलेले शेरे आणि हावभाव, मोबाइलवरून सतत संपर्क साधणं हाही लैंगिक छळ आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आजकाल सुरुवात तिथूनच होते. अभ्यासाच्या ग्रुपवरून वैयक्तिक चॅट, मग रात्री अकरा वाजता ‘झोपलीस का?’, मग ‘हे मेसेज डिलीट कर हं’. पालकांनी स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, आणि मुख्य म्हणजे मोबाइल फॉरमॅट करू नये. रागाच्या भरात फोन आपटणारे वडील मी पाहिले आहेत. पुरावा त्याच फोनमध्ये होता.

पोलिसांना कळवणं ही या कायद्यात मेहेरबानी नाही. गुन्हा घडल्याचं कळलेल्या प्रत्येकाने तो कळवायचा आहे, मुख्याध्यापकांनीही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो, मग बघू’ असं म्हणण्याची मुभा मुख्याध्यापकांना नाही. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्यांवरचा अत्याचार उघड झाला, लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या. तिथला आरोपी शिक्षक नव्हता, सफाई कर्मचारी होता. पण पुढे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला आणि त्यांना अटक झाली. हे कलम नुसतं कागदावरचं नाही, हे तेव्हा बऱ्याच संस्थाचालकांच्या ध्यानात आलं.

मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला हवा तिथे घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. ओळख उघड करता येत नाही, आणि हे माध्यमांप्रमाणे सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या काकांनीही लक्षात ठेवावं. तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा होत नाही.

‘मिटवून टाकू’ हाही पर्याय उरलेला नाही. राजस्थानातल्या एका प्रकरणात विद्यार्थिनीचे वडील आणि आरोपी शिक्षक यांच्यात समझोता झाला म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि खटला पुढे चालवायला सांगितलं. असा गुन्हा दोन कुटुंबांमधला खासगी वाद नव्हे.

राजीनामा

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्यावर कोणी मोर्चा काढत नाही. संस्थेला बोभाटा नको असतो. शिक्षकाला डाग नको असतो. पालकांना, खरं सांगायचं तर, आपल्या मुलीचं नाव बाहेर यायला नको असतं. तिघांच्याही सोयीचा कागद म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’. सोबत अनुभवाचा दाखला: वर्तणूक समाधानकारक. सहा महिन्यांनी तोच माणूस विरारच्या किंवा डोंबिवलीच्या शाळेत फळ्यासमोर उभा असतो, आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी तो दाखला अगदी मन लावून वाचलेला असतो.

विनाअनुदानित शाळांत हे आणखी सोपं. नेमणूक कंत्राटी, पगार संस्थेच्या खिशातून, शिक्षण खात्याकडे फाइल जायचा प्रश्न कमी. पालक चिडले की माणूस दुसऱ्या दिवशी गायब. पालकांना वाटतं, इथे बघा कशी झटपट कारवाई होते! प्रत्यक्षात झालेलं असतं फक्त स्थलांतर.

काही देशांत याला वेगळं उत्तर आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात शिक्षकांची स्वतंत्र नियामक संस्था आहे. सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत शिकवायचं तर तिचा परवाना लागतो, गैरवर्तनाची सुनावणी तीच करते, आणि शिक्षकाचं नाव टाकून कोणीही पालक तिची जाहीर नोंदवही पाहू शकतो. इंग्लंडमध्ये सरकारी यंत्रणा शिक्षकाला वर्गात उभं राहण्यास मनाई करणारा आदेश काढते आणि असे निकाल प्रसिद्ध होतात. आपल्याकडे डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, सनद रद्द होते. शिक्षकाची नोकरी जाते. बीएडची पदवी आणि टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र जागच्या जागी राहतं. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे खरी, पण ती पोलीस यंत्रणेसाठी. मुख्याध्यापक ती उघडून बघू शकत नाहीत. बदलापूरनंतर राज्य शासनाने शाळांतल्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली सखी सावित्री समिती यांवर पुन्हा जोर दिला. पडताळणीत नोंदलेला गुन्हा सापडतो. राजीनाम्याखाली दाबलेला सापडत नाही.

क्लासचं तर विचारूच नका. आठवीपासून बारावीपर्यंत मुंबईतली मुलं शाळेपेक्षा जास्त विश्वास ज्या सरांवर टाकतात, त्या सरांना ना सेवानियम, ना चौकशी समिती, ना न्यायाधिकरण. क्लासचा मालक काढेल तेव्हा काढेल; मालक तेच असतील तर तेही नाही. तिथे पोक्सो आणि फौजदारी कायदा हाच एक मार्ग.

छडी आणि टोमणे

सगळं गैरवर्तन लैंगिक नसतं. उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, कानाखाली वाजवणं, फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर बसवणं, आडनावावरून किंवा वस्तीवरून टोमणे मारणं, हेही आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना केले आहेत आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करायला सांगितली आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. म्हणून नववी-दहावीच्या मुलाला मारलं तर ‘आरटीई लागू नाही’ असं म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांना एमईपीएस नियमावली दाखवावी. तिथली गैरवर्तणूक मुलाचं वय विचारत नाही. मार गंभीर असेल तर भारतीय न्याय संहिता आहे, आणि बाल न्याय कायद्यातलं मुलाशी क्रूरतेचं कलमही.

‘आम्हाला मारलं म्हणून आम्ही घडलो’ हे वाक्य इथे प्रत्येक वेळी येतं, आणि बहुतेक वेळा पालकांकडूनच. त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. कायदा बदलून पंधरा वर्षं उलटून गेली.

कागद कुठे द्यायचा

अर्ज मुख्याध्यापकांना आणि संस्थेच्या सचिवांना, दोघांनाही द्यावा. त्यात घटना, तारीख, जागा, कोणी पाहिलं, मुलाने घरी कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं, हे लिहावं. मुलाचे शब्द आपण ‘सुधारू’ नयेत. सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवावं अशी स्पष्ट मागणी त्याच अर्जात करावी, कारण जुन्या चित्रीकरणावर काही दिवसांत नवं चढतं. प्रत शिक्षण खात्याला: मुंबईत माध्यमिक शाळांसाठी उत्तर, दक्षिण आणि पश्चिम विभागाचे शिक्षण निरीक्षक, त्यांच्यावर चर्नी रोडच्या जवाहर बालभवनातले शिक्षण उपसंचालक, प्राथमिकसाठी पालिकेचे शिक्षणाधिकारी. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते. मूल अडचणीत असेल आणि लगेच कोणाशी बोलायचं असेल तर १०९८, तातडीचा धोका असेल तर ११२.

निलंबन झाल्यावर महिन्याभराने दुसरा अर्ज करावा, आणि त्यात प्रश्न मोजकेच ठेवावेत. निलंबनाला खात्याची परवानगी घेतली का? आरोपपत्र दिलं का, कोणत्या तारखेला? समिती नेमली का, १२० दिवस कधी भरतात? शिक्षकाने राजीनामा दिला असल्यास तो स्वीकारला का, आणि चौकशी प्रलंबित असताना का स्वीकारला? ऑफिसातल्या बाई अर्ज घ्यायला नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, तो स्पीड पोस्टाने पाठवा. घेतला तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.